पृष्ठफळ जास्त असलेला अधिशोषक नेहमीच चांगला असतो का?

रसायनवाडी

नमस्कार. मी एका महाविद्यालयात भौतिक रसायनशास्त्र शिकवतो. पदवीच्या अखेरच्या वर्षाला ‘कोळशावर ऍसेटिक आम्लाचे अधिशोषण’, म्हणजे आम्लाचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागावर धरले जाणे, हा प्रयोग असतो. तो इथल्या अनेकांनी केलेला असेल: निरनिराळ्या तीव्रतेच्या आम्लाच्या बाटल्यांत मोजून कोळसा टाकायचा, बाटल्या हलवायच्या, द्रावण गाळायचे, उरलेल्या आम्लाचे अनुमापन करायचे आणि तीव्रता व अधिशोषण यांचा संबंध सांगणाऱ्या फ्रॉइंडलिखच्या समीकरणानुसार लॉगॅरिदमचा आलेख काढायचा. यंदा आमच्याकडे दोन प्रकारचा सक्रियित कोळसा आला. एक नारळाच्या करवंटीचा, ज्याच्या प्रमाणपत्रावर दर ग्रॅमला ११०० चौरस मीटर पृष्ठफळ लिहिलेले आहे. दुसरा लाकडाचा, किमतीने उतरता, पृष्ठफळ सुमारे ७०० चौरस मीटर. आम्लाच्या प्रयोगात करवंटीचा कोळसा अपेक्षेप्रमाणे सरस ठरला. मग एका विद्यार्थिनीने घरून आणलेली काकवी पाण्यात पातळ करून दोन्ही कोळशांबरोबर हलवून पाहिली, तेव्हा लाकडी कोळशाने रंग बराच उतरवला आणि करवंटीच्या कोळशातून द्रावण जवळजवळ तसेच तांबूस बाहेर आले.

अधिशोषण ही पृष्ठभागावर घडणारी क्रिया असल्यामुळे पृष्ठफळ जितके अधिक तितके अधिशोषण अधिक, असे विधान प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. मग प्रत्यक्ष कामासाठी अधिशोषक निवडताना या आकड्याला किती वजन द्यावे? कारखान्यात, पाणी शुद्धीकरणात किंवा सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी आपापल्या क्षेत्रातील अनुभव सांगावा, ही विनंती.

शंकासुर

उरलेल्या काकवीचे काय झाले, हा खरा प्रश्न आपण शिताफीने टाळला आहे.

पृष्ठभागी

रसायनवाडी सर, तुमच्या विद्यार्थिनीने योगायोगाने साखरधंद्यातील एक जुनी चाचणी करून पाहिली आहे. रंग काढण्यासाठीचा कोळसा विकणारे उत्पादक ‘आयोडीन अंक’ देतात, तसाच मळीचा रंग किती उतरतो हे सांगणारा ‘मळी अंक’ही देतात, आणि हे दोन अंक एकमेकांच्या मागे धावत नाहीत.

आधी पृष्ठफळाचा आकडा येतो कुठून, ते पाहू. नमुना निर्वातात तापवून स्वच्छ करतात, द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, थंड करतात आणि वाढत्या दाबाला तो किती नायट्रोजन धरतो हे मोजतात. ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली मांडलेल्या समीकरणावरून पृष्ठभागावर नायट्रोजनचा एक पूर्ण थर बसायला किती रेणू लागतील ते काढतात आणि प्रत्येक रेणूने ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापली असे धरून गुणाकार करतात. म्हणजे प्रमाणपत्रावरचे ११०० चौरस मीटर हे नायट्रोजनला पोहोचता आलेले पृष्ठफळ आहे. नायट्रोजनचा रेणू साधारण ०.३६ नॅनोमीटरचा असतो. काकवीला रंग देणारे कॅरॅमल आणि मेलॅनॉइडिन हे पदार्थ त्याच्या कितीतरी पट मोठे, वेड्यावाकड्या आकाराचे आणि रेणुभारात हजारांच्या घरातले असतात.

करवंटीच्या कोळशातील बहुतेक छिद्रे २ नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. अशा छिद्रांना सूक्ष्मछिद्रे म्हणतात. लाकडाच्या कोळशात २ ते ५० नॅनोमीटरच्या मध्यम छिद्रांचे प्रमाण बरेच अधिक असते. तेव्हा करवंटीचा कोळसा म्हणजे खोल्या शंभर, पण दारे मांजरापुरती असा वाडा आहे. ऍसेटिक आम्ल आत शिरते, काकवीचा रंग ओसरीवरच बसून राहतो.

आणखी एक खोच आहे. त्या समीकरणाचे गृहीतक असे की रेणू मोकळ्या पृष्ठभागावर थरावर थर रचत जातात. सूक्ष्मछिद्रात दोन्ही भिंतींची ओढ एकमेकींत मिसळते आणि छिद्र थेट भरून जाते, त्यामुळे तिथे थर मोजण्याला फारसा अर्थ उरत नाही. ग्रॅफीनच्या एकाच पापुद्र्याच्या दोन्ही बाजू धरल्या तरी दर ग्रॅमला सुमारे २६३० चौरस मीटरच भरतात. त्यापेक्षा मोठा आकडा सांगणारा कोळसा बाजारात दिसला, तर ती ‘इतका नायट्रोजन मावतो’ याची हिशेबी भाषा आहे, असे समजावे.

रसायनवाडी

पृष्ठभागी, फारच उपयुक्त. म्हणजे आयोडीन अंक हाही लहान रेणूंच्याच बाजूने साक्ष देतो, असे म्हणायचे का?

पृष्ठभागी

होय. द्रावणात शेवटी ०.०२ नॉर्मल तीव्रतेचे आयोडीन उरेल अशा स्थितीत दर ग्रॅम कोळशाने किती मिलिग्रॅम आयोडीन धरले, तो आयोडीन अंक. आयोडीन सूक्ष्मछिद्रांत सहज शिरते, म्हणून हा अंक बहुधा पृष्ठफळाच्या आकड्याच्या आसपासच येतो आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रेणू त्याहून मोठा, लांबीला दीड नॅनोमीटरच्या जवळपास असतो. त्यामुळे तो मधल्या छिद्रांविषयी थोडे अधिक सांगतो.

मळीवाला

मी कोल्हापूर भागातील एका साखर कारखान्याच्या आसवनीत काम करतो. आमचा रोजचा अधिशोषक पाहिला तर पृष्ठफळाचा आकडा किती फसवा असू शकतो, याचे टोकाचे उदाहरण मिळेल.

पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलची शुद्धता किमान ९९.५ टक्के लागते. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, कारण तिथे अल्कोहोल आणि पाणी यांचे स्थिरक्वाथी मिश्रण बनते आणि दोन्ही एकाच प्रमाणात उकळू लागतात. पूर्वी बेंझीन किंवा सायक्लोहेक्झेन घालून ही कोंडी फोडत असत. आता आम्ही ‘थ्री-ए’ जातीच्या मॉलिक्युलर सिव्हवरून, म्हणजे रेणूंच्या चाळणीवरून, अल्कोहोलची वाफ नेतो. हा कृत्रिम झिओलाइट, म्हणजे रेणूंएवढ्या खिडक्या असलेला सच्छिद्र स्फटिक, असतो आणि त्यातील सोडियमच्या जागी बऱ्याच अंशी पोटॅशियम बसवलेले असते. पोटॅशियमचा आयन मोठा असल्यामुळे खिडकी अरुंद होऊन सुमारे ३ अँगस्ट्रॉमची (०.३ नॅनोमीटर) राहते. पाण्याचा रेणू २.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणून आत जातो, इथेनॉलचा ४.४ च्या आसपास, म्हणून बाहेर राहतो.

आता गंमत पाहा. नायट्रोजनही ३.६ अँगस्ट्रॉमचा असल्यामुळे त्याला या खिडकीतून प्रवेश नाही. पृष्ठभागी यांनी सांगितलेल्या पद्धतीने आमच्या सिव्हचे पृष्ठफळ मोजायला दिले, तर उत्तर जवळजवळ शून्य येईल. ज्या पदार्थावर राज्यातील आसवन्यांचे निर्जल इथेनॉल तयार होते, तो प्रमाणपत्रावर निव्वळ विटेचा चुरा ठरेल!

दोन मनोरे असतात. एकात पाणी धरले जात असते, तेव्हा दुसरा निर्वात आणि तयार मालाच्या थोड्या वाफेने मोकळा केला जात असतो, आणि दर काही मिनिटांनी अदलाबदल होते. त्यामुळे आम्हाला सिव्ह किती धरतो यापेक्षा किती चटकन आणि किती वर्षे सोडतो, हे महत्त्वाचे असते. वाफेबरोबर द्रव आत आला की गोळ्या तडकतात, त्यांची पूड होते आणि दाबाचे मीटर चढू लागते. त्या दिवशी पृष्ठफळाची आठवण कोणालाही येत नाही.

गारगोटी

मळीवाला यांनी झिओलाइटचा विषय काढला, म्हणून भूविज्ञानाच्या बाजूने थोडी भर घालतो. स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रॉन्स्टेट यांना १७५६ साली एक खनिज तापवल्यावर फेसाळून वाफ सोडताना दिसले. तेव्हापासून झिओलाइट हा गट ओळखला जातो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांचे इतके देखणे स्फटिक मिळतात की पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर भागातले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. अपोफिलाइट त्यांच्याच शेजारी सापडतो, पण तो झिओलाइट नव्हे.

असे असूनही खाणीतला स्टिलबाइट फोडून आसवनीत भरता येत नाही. पाणी घालवण्यासाठी तापवल्यावर त्याचा सांगाडा आकुंचन पावतो आणि वाटा अरुंद होऊन बसतात. शिवाय नैसर्गिक खनिजाची रचना एका खडकातून दुसऱ्या खडकात बदलते. युनियन कार्बाइडमध्ये मिल्टन यांनी १९४९ च्या सुमारास कृत्रिम ‘ए’ झिओलाइट बनवला, त्यानंतरच एकसारख्या खिडक्यांचा माल पोत्यांनी मिळू लागला.

दमट_किनारा

कोकणात राहणाऱ्या माणसाचा साधा प्रश्न. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी येते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. निळी जेल गुलाबी झाली की तव्यावर भाजून पुन्हा वापरतो. असे किती वेळा करता येते? आणि झिओलाइट इतका गुणी असेल, तर डब्यात तोच का ठेवू नये?

स्तंभलेखिका

तव्यावर भाजू नका. ज्या तव्यावर पोळी होते त्यावर तर अजिबात नाही. निळ्या जेलचा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि कोबाल्टची संयुगे आरोग्याला घातक आहेत. म्हणूनच आता नारिंगी जेल अधिक दिसते. ओव्हन असेल तर ११० ते १२० अंशांना दोन-तीन तास पुरेत. त्याहून फार तापवल्यास सिलिकाच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट आपसांत जुळून पाणी सोडतात आणि उरलेल्या पृष्ठभागाला पाण्याविषयी पूर्वीइतकी ओढ राहत नाही. म्हणजे पृष्ठफळ बरेचसे तेच राहून गुण उतरतो. मूळ प्रश्नाच्या दृष्टीने ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

पृष्ठभागी

स्तंभलेखिकांशी सहमत. झिओलाइटबाबत सांगायचे तर प्रश्न हवेच्या दमटपणाचा आहे. हवा खूप दमट असेल तेव्हा सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक पाणी धरते. झिओलाइट साधारण पाचव्या हिश्श्यावर थांबतो. मात्र हवा आधीच कोरडी असताना, दहा-वीस टक्के सापेक्ष आर्द्रतेलाही, झिओलाइट तो पाचवा हिस्सा जवळजवळ पूर्ण धरतो आणि सिलिका जेल मागे पडते. डब्यातील हवा हाडासारखी कोरडी करण्याची भिंगाला गरज नसते. शिवाय झिओलाइट पुन्हा कोरडा करायला दोनशे अंशांच्या वर जावे लागते, ते घरगुती ओव्हनमध्ये सहज जमण्यासारखे नसते. तुमच्यासाठी जेलच योग्य.

शंकासुर

आमच्याकडे मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. त्यांचे पृष्ठफळ कोणी मोजले आहे का? प्रमाणपत्र मिळाल्यास बरणीला चिकटवीन.

स्तंभलेखिका

आता माझ्या क्षेत्राविषयी सविस्तर लिहिते. सदस्यनामावरून काहींना मी वर्तमानपत्रात लिहिते असे वाटते. प्रत्यक्षात माझे आयुष्य सिलिका भरलेल्या काचेच्या नळ्यांसमोर, म्हणजे मिश्रणातील संयुगे वेगळी करणाऱ्या स्तंभांसमोर, उभे राहण्यात गेले आहे.

संश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळेत दोन जातींची सिलिका असते: ६०–१२० मेश आणि २३०–४०० मेश (मेश म्हणजे चाळणीचा क्रमांक). दुसरी बरीच बारीक आणि महाग. विद्यार्थ्यांना वाटते की बारीक पुडीचे पृष्ठफळ जास्त म्हणून वेगळेपणा चांगला होतो. वास्तविक स्तंभासाठीच्या नेहमीच्या सिलिकेत सुमारे ६० अँगस्ट्रॉमची छिद्रे असतात आणि तिचे दर ग्रॅमला ५०० चौरस मीटरच्या आसपास असलेले जवळजवळ सगळे पृष्ठफळ कणांच्या आत असते. कण बारीक केल्याने त्यात नगण्य वाढ होते. फरक पडतो तो रेणूला कणाच्या आत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळात. कण लहान असला की ही ये-जा लवकर होते आणि पट्टे पसरत नाहीत. त्याची किंमत म्हणजे द्रावक खाली उतरायला दाब द्यावा लागतो.

दुसरे असे की आमच्याकडे फार घट्ट धरणारा अधिशोषक हा दोष आहे. संयुग पृष्ठभागावर बसले पाहिजे आणि उठलेही पाहिजे. ऍल्युमिनाच्या बाबतीत तर मुद्दाम पाणी घालून त्याचा जोर कमी करतात: ब्रॉकमान श्रेणीत पहिल्या प्रतीच्या ऍल्युमिनात पाणी नसते, दुसरीत ३ टक्के, तिसरीत ६, चौथीत १० आणि पाचवीत १५ टक्के असते. पैसे देऊन सक्रियित केलेला माल पाणी घालून पुन्हा निवांत करायचा! काही संयुगे सिलिकेच्या आम्लधर्मी पृष्ठभागावर तुटतात, तेव्हा द्रावकात थोडे ट्रायएथिलअमाइन घालून तिला शांत करावे लागते.

आणि या विद्येचा, म्हणजे क्रोमॅटोग्राफीचा, आरंभच अत्यंत कमी पृष्ठफळाच्या पदार्थावर झालेला आहे. मिखाईल त्स्वेत यांनी वॉर्सा येथे वनस्पतींची रंगद्रव्ये वेगळी केली, १९०३ मध्ये त्यावर व्याख्यान दिले आणि १९०६ मध्ये जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले, त्या नळीत बारीक कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे खडूचेच द्रव्य. कोळसा वापरला असता तर हरितद्रव्य आत गेले असते आणि बाहेर काढताना नाकी नऊ आले असते.

साठवणकार

इथे एकच बाजू ऐकू येत आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. आम्ही वायू साठवण्याच्या पदार्थांवर काम करतो आणि आमच्या क्षेत्रात पृष्ठफळ हाच पहिला निकष आहे. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला हायड्रोजन किती मावेल, याचा ठोकताळाच आहे: दर ५०० चौरस मीटरला साधारण १ टक्का वजन. कोळसा कशाचा का असेना, बहुतेक नमुने या रेषेच्या आसपास पडतात. हायड्रोजनचा रेणू इतका लहान आणि पृष्ठभागाशी त्याचा संबंध इतका क्षीण असतो की त्याला कुठेही जागा चालते; म्हणून जागा मोजणे पुरेसे ठरते. एकाच कच्च्या मालापासून, एकाच पद्धतीने केलेल्या कोळशांची तुलना करायची असेल तरीही हा आकडा उत्तम काम देतो. आकडा खोटा नाही. त्याला नको तो प्रश्न विचारला जातो.

मळीवाला

साठवणकार, तुमचे म्हणणे मान्य; पण कारखान्यात मनोऱ्याला घनमीटर असतात, ग्रॅम नव्हे. हलका, फुसफुशीत पदार्थ दर ग्रॅमला कितीही पृष्ठफळ दाखवो, त्याच टाकीत तो कमी वजनाने मावतो. झिओलाइटच्या गोळ्या लिटरला सुमारे ७०० ग्रॅम बसतात, दाणेदार कोळसा त्याहून बराच कमी. दर ग्रॅमऐवजी दर लिटरचा आकडा छापायचे ठरवले, तर कित्येक प्रमाणपत्रांचा तोरा उतरेल.

साठवणकार

हा आक्षेप योग्य आहे. वाहनातील टाकीबाबत आमच्या क्षेत्रातही हाच वाद आहे.

वायुदूत

मी रुग्णालयांत ऑक्सिजन संयंत्रे बसवण्याच्या कामात होतो. २०२१ च्या लाटेत ‘पीएसए’ (दाब कमी-जास्त करून अधिशोषण) हे शब्द घरोघरी पोहोचले, पण त्या मनोऱ्यांत काय भरलेले असते हे फारसे कोणी सांगितले नाही. त्यात सोडियम किंवा लिथियम असलेला एक्स जातीचा झिओलाइट असतो. त्याची खिडकी इतकी मोठी असते की नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही आरामात आत जातात. निवड होते ती विद्युत गुणधर्मावर: नायट्रोजनच्या रेणूचा चतुर्ध्रुव (रेणूतील विद्युतभाराची असमान वाटणी) ऑक्सिजनपेक्षा बराच प्रबळ असल्यामुळे झिओलाइटमधील धन आयन त्याला अधिक ओढून धरतात आणि सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन पुढे निघून येतो. उरलेल्या भागात बहुतांश आर्गॉन असतो, कारण झिओलाइटच्या दृष्टीने आर्गॉन आणि ऑक्सिजन यांत फारसा भेद नसतो.

याच्या नेमके उलट यंत्र कारखान्यांत असते. तिथे नायट्रोजन हवा असतो आणि मनोऱ्यात कार्बन मॉलिक्युलर सिव्ह भरतात. त्याची छिद्रे अशी बेतलेली असतात की किंचित लहान असलेला ऑक्सिजन झपाट्याने आत शिरतो आणि नायट्रोजन रेंगाळतो. दोघांच्या आकारातील फरक ०.०२ नॅनोमीटरचाही नाही. पुरेसा वेळ दिला तर कोळसा दोन्ही वायू जवळजवळ सारखेच धरील. सगळी किमया पहिल्या मिनिटाभराची आहे. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या आयआयटीने नायट्रोजन संयंत्रातील कार्बन सिव्ह काढून त्या जागी झिओलाइट भरून, इतर जुजबी बदल करून, त्यातूनच ऑक्सिजन मिळवून दाखवला होता. लोखंड तेच, हवा तीच, अधिशोषक बदलला आणि पुढून येणारा वायू बदलला. यापेक्षा चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

ता. क. घरी ऑक्सिजन कॉन्सेंट्रेटर पडून असेल, तर तो महिनोन्महिने दमट खोलीत बंद ठेवू नका. हा झिओलाइट पाण्याला नायट्रोजनपेक्षा फार घट्ट धरतो आणि भिजला की ऑक्सिजनची टक्केवारी घसरते.

कोरडवाहू

विदर्भात पाण्याच्या प्रश्नावर काम करतो. यवतमाळ, चंद्रपूर भागातील काही गावांत विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. एका गावात देणगीतून आलेल्या यंत्रात उत्तम प्रतीचा सक्रियित कोळसा भरलेला होता. पाणी चवीला सुधारले, लोक खूश झाले आणि तपासणीत फ्लोराइड जसेच्या तसे निघाले. कोळशाच्या हजार चौरस मीटरांना फ्लोराइडच्या आयनात काडीचा रस नसतो. तिथे सक्रियित ऍल्युमिना लागतो, ज्याचे पृष्ठफळ दोनशे ते तीनशे चौरस मीटर इतकेच असते, पण आम्लधर्माकडे किंचित झुकलेल्या पाण्यात त्याचा पृष्ठभाग धनभारित होऊन फ्लोराइड पकडतो. सामू साडेपाच ते सहाच्या दरम्यान असेल तर उत्तम. आपल्या विहिरींचे पाणी बहुधा त्याहून अल्कधर्मी आणि बायकार्बोनेटयुक्त असल्याने क्षमता कमी पडते. भरलेला ऍल्युमिना कॉस्टिक सोड्याने धुऊन मग आम्लाने पूर्ववत करावा लागतो, आणि त्या धुवणात साठलेले फ्लोराइड कुठे टाकायचे, हा प्रश्न गावात कोणी आधी विचारत नाही.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्याची आहे. तिच्यात तयार होणारा ऍल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका फ्लोराइड घेऊन खाली बसतो. स्तंभ नको, पण रोजचा गाळ येतो.

दमट_किनारा

म्हणजे घरच्या जलशुद्धीकरण यंत्रातील कोळसा क्षार काढत नाही?

कोरडवाहू

नाही. क्षार आणि कठीणपणा कमी होतो तो त्यातील पडद्यामुळे. कोळसा वास, काही कीटकनाशके, सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरीन यांच्यासाठी असतो.

पृष्ठभागी

यातही एक दुरुस्ती सुचवतो. मोकळे क्लोरीन कोळशावर नुसते बसत नाही. ते कोळशाशी अभिक्रिया करून क्लोराइड बनते. त्यामुळे क्लोरीनच्या बाबतीत कोळसा पुष्कळ काळ टिकतो आणि गिऱ्हाइकाला वाटते की कीटकनाशकांच्या बाबतीतही तो तितकाच टिकेल. तसे होत नाही. क्लोरीन गेल्यानंतरच्या कोळशात जिवाणूंची वस्ती होते, ती वेगळीच.

वैद्यबुवा

विषबाधेत रुग्णालयात जो कोळसा देतात, तोही निवडकच काम करतो. प्रौढाला साधारण ५० ग्रॅम पाण्यात कालवून, शक्यतो पहिल्या तासाभरात, आणि रुग्ण नीट शुद्धीवर असेल तरच देतात. अनेक औषधे तो धरतो. अल्कोहोल, लोह, लिथियम मात्र जवळजवळ नाही, आणि तीव्र आम्ल किंवा अल्कली पोटात गेली असेल तर तो द्यायचाच नसतो. आदल्या रात्रीच्या मेजवानीवर उतारा म्हणून कोळशाच्या गोळ्या विकणाऱ्यांनी ही यादी वाचलेली दिसत नाही. घरी हा प्रयोग करू नये.

शंकासुर

वैद्यबुवा, एका पिढीच्या आशेवर आपण पाणी फिरवले. तेही कोळशाने शुद्ध केलेले.

कॅलगरीकर

उशिरा लिहितो आहे. कॅनडात कॅलगरीला राहतो, आणि या धाग्याच्या प्रश्नाचे एक ठळक उत्तर इथल्या विद्यापीठातून निघालेले आहे.

धातू-सेंद्रिय जाळ्या, म्हणजे मॉफ, यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाल्यापासून पृष्ठफळाच्या विक्रमांची चर्चा पुन्हा जोरात आहे. धातूचे आयन आणि सेंद्रिय दुवे जोडून केलेल्या या स्फटिकांत दर ग्रॅमला ७००० चौरस मीटरच्या वरचे आकडे नोंदवले गेले आहेत. मात्र त्या नोबेलच्या मानकऱ्यांपैकी एक असलेल्या याघी यांच्या गटाचा १९९९ मधील प्रसिद्ध मॉफ-५ दमट हवेत राहिला की मोडू लागतो.

आता इथल्या विद्यापीठातला कॅल्फ-२० हा मॉफ पाहा. जस्त, ट्रायाझोल आणि ऑक्झॅलेट असे स्वस्त घटक, आणि पृष्ठफळ सुमारे ५०० चौरस मीटर, म्हणजे रसायनवाडी सरांच्या लाकडी कोळशाहूनही कमी. सिमेंट भट्टीच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी मोठ्या प्रमाणावर निवडला गेला तो हा. कारण धुरात वाफ असतेच, आणि बरीच आर्द्रता असतानाही तो पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडला पसंती देतो. पुनरुज्जीवनासाठी सोडलेली वाफ पुनःपुन्हा सोसतो. एक्स जातीचा झिओलाइट कोरड्या वायूत त्याच्यापेक्षा अधिक धरील, परंतु भट्टीचा धूर आधी कोरडा करण्याचा खर्च कोण देणार?

साठवणकार

कॅल्फ-२० हे उदाहरण मला नाकारता येणार नाही. तरी हायड्रोजनबाबतचे माझे म्हणणे कायम आहे.

रसायनवाडी

सर्वांचे आभार. वायुदूत यांचे उदाहरण पुढच्याच तासाला वर्गात सांगेन. चर्चेवरून प्रयोगाची नवी मांडणी ठरवली आहे, तीवर मत हवे आहे. दोन्ही कोळसे तेच ठेवायचे. अधिशोषित होणारे पदार्थ तीन घ्यायचे: आयोडीन, मेथिलीन ब्लू आणि पातळ काकवी. पहिल्याचे थायोसल्फेटने अनुमापन, उरलेल्या दोघांचे कलरीमीटरवर मापन. विद्यार्थ्यांनी प्रत्येक पदार्थासाठी फ्रॉइंडलिखचा आलेख काढायचा आणि पृष्ठफळाचे आकडे त्यांना शेवटीच सांगायचे. आधी सांगितले तर निकाल आकड्याकडे झुकतात, असा अनुभव आहे.

स्तंभलेखिका

मांडणी आवडली. काही सूचना. दोन्ही कोळसे एकाच चाळणीतून काढून घ्या. करवंटीचा कोळसा दाणेदार आणि लाकडाचा पुडीच्या रूपात असेल, तर तुम्ही छिद्रांऐवजी कणांचा आकार मोजत बसाल. एखादी बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून समतोल खरोखर आला होता का ते तपासा. मेथिलीन ब्लू गाळणकागदालाही चिकटतो, म्हणून गाळलेल्या द्रावणाचा पहिला भाग टाकून द्यावा किंवा सेंट्रिफ्यूज वापरावे. आणि बारीक कोळसा कागदातून निसटला, तर कलरीमीटर त्यालाही काकवीचाच रंग समजेल.

मळीवाला

काकवीसाठी ४२० नॅनोमीटरला मापन करा. साखरेचा रंग मोजण्याची तीच प्रचलित तरंगलांबी आहे. सगळ्या द्रावणांचा सामू ७ ला आणून ठेवा, कारण या रंगद्रव्यांचा गडदपणा सामूबरोबर बदलतो. कोळशातील राख अल्कधर्मी असेल, तर ती गुपचूप सामू वाढवून रंग गडद करील आणि दोष कोळशाच्या छिद्रांवर येईल. म्हणून सामू कोळसा गाळून झाल्यावर पुन्हा पाहायचा.

रसायनवाडी

राखेचा मुद्दा ध्यानात आला नव्हता. कोळसा आधी विरल आम्लाने आणि मग पाण्याने धुऊन, वाळवून घेऊ. मळीवाला, काकवीऐवजी अस्सल मळी वापरली तर निकाल अधिक स्पष्ट येतील का? आपल्याकडून थोडी मिळू शकेल?

मळीवाला

निकाल नक्कीच स्पष्ट येतील. पण मळी हा उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणातील माल आहे. बाटलीभर मळीसाठी तुमच्या प्राचार्यांना जो पत्रव्यवहार करावा लागेल, त्यात हे सत्र संपेल. काकवीवरच भागवा, आणि ती एकाच डब्यातली सगळ्या तुकड्यांना पुरेल इतकी आधीच घेऊन ठेवा. प्रत्येक गुऱ्हाळाच्या काकवीचा रंग वेगळा असतो.